उत्तराला पंधरा दिवस

ता. ३ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

तुझ्या बायकोने विणलेला स्वेटर पोचला. दोन बाह्या दोन मापांच्या आहेत, पण इथल्या थंडीला ते कळत नाही. तो घालून दिवसभर संकलनाच्या खोलीत बसते आणि तुझ्या इस्पितळातल्या बाटल्या पडद्यावर मोठ्या करून बघते.

वीस वर्षं कॅमेरा घेऊन युद्धं, खाणी, तुरुंग पालथे घातले, आणि माझी सगळ्यात मोठी बातमी निघाली ती सख्ख्या भावाच्या औषधभांडारात. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मुदत संपलेल्या सलाईनवर नवी लेबलं, आणि त्यापायी मुलांच्या वॉर्डातली तीन मुलं गेली. तू चोरून काढलेले फोटो हललेले आहेत, पण चालतील. खरा आधार नर्सबाईंचा. त्यांची फक्त पाठ दाखवली आहे, आवाजही बदलला आहे. तुझ्याच स्वयंपाकघरात मी त्यांना शब्द दिला होता की तुम्हाला कोणी ओळखणार नाही.

आता आमच्या धंद्याचा एक नियम. ज्यांच्यावर आरोप करायचा त्यांना आधी प्रश्न पाठवायचे आणि उत्तराला पंधरा दिवस द्यायचे. काल ते तुझ्या साहेबांकडे रवाना झाले. लगेच घाम फुटू देऊ नकोस, तू नुसता पोटाने मोठा झालास. माया आहे ती वाढव.

तुझी,
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न आले आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. बाकीचे एक वेळ ठीक आहेत. पण तळघरातल्या धुलाईच्या खोलीत, कोमट पाण्यात बाटल्या भिजवून जुनी लेबलं कोणाच्या हुकमाने काढली, हे कशाला विचारलंस? अगं, त्या खोलीत साहेब आणि त्यांचा एक माणूस सोडला तर फक्त मी आणि नर्सबाई गेलो आहोत.

साहेबांनी आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावलं. आवाज अगदी गोड. म्हणाले, दोघांपैकी एकाने तोंड उघडलं आहे, दुसऱ्याने फक्त नाव सांगावं, त्याला धक्का लागणार नाही. नशीब की तू लग्नानंतरचं आडनाव लावतेस. नर्सबाई काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे घाबरू नका अशी. मला मात्र घास उतरत नाही. घर इस्पितळाचं, पोरींची शाळा इस्पितळाची. तेवढा एक प्रश्न मागे घे, पाया पडतो.

लहान भावावर लोभ असू दे.

तुझा,
ढब्बू

ता. १६ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

प्रश्न मागे घेणार नाही. तो काढला तर चित्रपटाचा कणाच काढला. तिन्ही मुलांच्या आयांना मी भेटले आहे, तू नाहीस.

तुझी नोकरी जाईल, घर जाईल. जाऊ दे. तुम्हा चौघांना मी पोसेन, आणि उपकार म्हणून कधी बोलून दाखवणार नाही. पण नर्सबाईंचं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये. आजवर माझा एकही साक्षीदार उघडा पडला नाही, त्यासाठी परक्या मुलखात तुरुंगात बसले आहे. शेपूट घालायची तुझी जुनी सवय आहे, म्हणून पुन्हा बजावते. विचारलं तर मुका हो. रागाने लिहिते आहे, तो प्रेमाच्या खात्यात धर.

तुझी,
ताई

ता. २५ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कळवायला आनंद वाटतो की सुंठीवाचून खोकला गेला. सगळे सुखरूप आहोत.

साहेबांनी पुन्हा बोलावलं, चहा दिला, पोरींची चौकशी केली. मग त्यांनीच नर्सबाईंचं नाव घेतलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. पुढे लेबलं बाईंनीच बदलली, आपलं पाप लपवायला बाहेर बोंब मारली, असं कागदावर आलं आणि मी खाली सही केली. पोलिसांनी त्यांना वॉर्डातूनच नेलं. एका पोराला इंजेक्शन देत होत्या, तेवढं पुरं करू दिलं. बाई फार चांगल्या होत्या. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, मग जायला लागलं. त्यांची म्हातारी आई दारात येऊन बसते, तेव्हा आम्ही मागच्या दाराने जातो.

तू चिडशील, पण विचार कर. तुझा चित्रपट होणारच, माझं घर राहिलं, आणि मला भांडारप्रमुख केलं. आधी घरचं माणूस, मग जग, हे आईच सांगायची ना? आता ये. जगभरच्यांचे काढतेस, नव्या खुर्चीतला माझाही एक फोटो काढ. सगळ्यांना तुझी आठवण येते, तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
ढब्बू

ता. २ एप्रिल

श्री. भांडारप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

आमच्या माहितीपटात आपल्यावर आरोप असल्याने, नियमानुसार आपले म्हणणे मागवत आहोत. परिचारिकेला लेबले बदलताना आपण स्वतः पाहिले काय? नसल्यास सही कशाच्या आधारे केली? पद देऊ केले ते सहीच्या आधी की नंतर? त्यांच्या आईला आपण काय सांगितले?

आमच्या प्रश्नामुळे साक्षीदार ओळखल्या गेल्या, हा दोष आमचा. तो चित्रपटात कबूल केला आहे. आपले २५ मार्चचे पत्र आज त्यांच्या वकिलांकडे दिले. ते देताना मला रडू आले, एवढे एकच वाक्य घरचे समजावे.

प्रदर्शन पुढे ढकलले आहे. उत्तराला पंधरा दिवस आहेत. चेहरा झाकण्याची विनंती करू नये. ती सोय साक्षीदारांसाठी असते.

आपली,
दिग्दर्शिका