सिग्रिडबाईंचा उजवा गुडघा

केंदूर, ता. शिरूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सगुणास भिमादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा दमा कसा हाय? सोपानदाजींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? सूनबाई प्रतिभाला बाळंतपणानंतर अन्न जातंय का? गाभण म्हशीचंही लिही, तीबी घरातलीच. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून कागदावर बोलतो.

तुझी नात दीक्षा माझ्याकडं राहून शिरूरच्या शाळेत जाती, तिची खबर. फुटबॉलमधी ती सगळ्यात पुढं खेळती, गोल मारायचं काम तिचं. तिचा गुडघा सुजला व्हता. चोवीस तारखेला जिल्ह्याची निवड, म्हणून शाळेत बोलली न्हाई, मला बोलली. मेंढरू लंगडलं की आपण पाय आवळून बांधायचो आन् पुढच्या मुक्कामापर्यंत चालवायचो, तसाच मी तिचा गुडघा बांधला. कोचबाईंनी तिला चार पावलं चालताना पाहिलं आन् निवडीतनं काढलं.

मी भांडायलाच गेलो. बाई स्वीडनच्या, नाव सिग्रिड. नवरा रांजणगावच्या कंपनीत साहेब हाय. शाळेतल्या सारिका मॅडम त्यांचं बोलणं मराठीत सांगत व्हत्या. हे कुणी बांधलं, असं बाईंनी विचारलं. मी छाती काढून सांगितलं, मी. बाई रागावल्या न्हाईत. पॅन्ट गुडघ्याच्या वर सरकवली. उजव्या गुडघ्यावर वीतभर टाक्यांचा वण.

सगुणा, ही बाई बर्फात पळत खेळ शिकली. अठराव्या वर्षी देशाकडून उतरली, एकतीस गोल मारले. चोविसाव्या वर्षी मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी गुडघा दुखावला. तिनं लपवलं, आवळून बांधलं आन् उतरली. दोन गोल मारले. सगळं मैदान तिचं नाव घेत व्हतं. ती तिची शेवटची मॅच. दोन वर्षं काठी घेऊन चालली, मग कोच झाली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला त्या दिवशी कुणी बसवलं असतं, तर मी अजून दहा वर्षं खेळले असते."

मला मान वर करवंना. लोभ ठेव.

तुझा,
भिमादादा

खुटबाव, ता. दौंड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. भिमादादास सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

पट्टी निघाली, दाजींना आता माझ्या सुरकुत्यासुद्धा दिसतात. प्रतिभा जेवती. म्हशीला अजून पंधरा दिस हायेत.

जन्मात तू बापाचं ऐकलं न्हाईस, आन् त्या बाईपुढं मान घातलीस, हे वाचून आधी हसले. मग डोळं भरलं. अरे, माझी नात म्हंजी काय मेंढरू व्हय? तिला डॉक्टरला दाखव आन् इकडं आणून सोड. खेळायचंच न्हाई तर तिथं कशाला राहायचं? पाटसला शाळा हाय. मी बोलून ठेवलंय.

रागावू नको, माया असू दे.

तुझी,
सगुणा

केंदूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सगुणास आशीर्वाद. वि. वि.

तुझं बोलणं मला लागलं, लागायलाच पाहिजे व्हतं. डॉक्टर म्हणतात, नस तुटलेली न्हाई, सहा महिने खेळायचं न्हाई, मग खुशाल खेळू दे. बाईंनी बसवलं नसतं तर तुटलीच असती.

काल निवड झाली. बाईंनी दीक्षाला आपल्याशेजारी बसवलं. पोर आधी रडली. बाईंनी तिच्या हातात वही दिली आन् समोरची गोलकीपर कुठं चुकती ते लिहायला सांगितलं. अर्ध्या खेळात दीक्षानं ताडलं, ती पोर दर वेळी आधी डावीकडं झुकती. बाईंनी ते भाग्यश्रीला सांगितलं. ती दीक्षाच्या जागी खेळत व्हती. तिनं बॉल दुसऱ्या बाजूला घातला, गोल झाला. निवडही तिचीच झाली. दीक्षानं टाळ्या वाजवल्या, मनापासून, मी बघितलं.

पण मी बाईंच्या पायाकडं बघत व्हतो. बॉल जाळीत गेला तवा त्यांचा उजवा पाय बसल्या जागी मातीत सपकन फिरला. मैदान सोडून वीस वर्षं झाली, तरी पाय अजून गोल मारतोय. आन् अशी बाई दुसऱ्याची पोर वाचवायला बसून राहती. एवढं काळीज मी उभ्या जन्मात पाहिलं न्हाई.

आज दीक्षाला विचारलं, खुटबावला जाती का. ती म्हणाली, बाईंनी उद्या सकाळी सातला बोलावलंय. खेळायला न्हाई, शेजारी बसायला. आत्तापासनंच बूट पुसून ठेवलेत. नुसतं बसायला एवढ्या घाईनं निघालेली पोर मी कशी अडवू? तिची बॅग मी बांधलेली न्हाई. तू हो म्हण, आन् दोनच ओळी लिही, पण लवकर लिही.

तुझा,
भिमादादा