समीकरण नसलेली रेघ

तीर्थरूप मामांच्या पायांशी,

(आणि मामींच्याही. त्या माझी पत्रं वाचत नाहीत, पण वगळलं की त्यांना बरोबर कळतं.) गुडघा कसा आहे? खोकला? मी ठीक आहे. वजन थोडं उतरलंय, त्याचं कारण पुढे येईलच.

शाळेच्या गणिताच्या पुस्तकासाठी आलेख काढायचं काम मला मिळालंय, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही फळ्यावर खडूने काढायचात तसे नव्हे. हल्ली सॉफ्टवेअर असतं. डावीकडे समीकरण टाइप केलं की उजवीकडे रंगीत वक्र आपोआप उमटतो. (गाढवालाही जमेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच मला दिलंय.) भाड्याच्या खोलीत घरमालकीणकाकूंच्या दिवंगत यजमानांचा कॉम्प्युटर होता, तोच वापरायला घेतला. ते गणिताचे मास्तर होते. एका दुपारी ‘x वर्ग वजा चार’ऐवजी मी ‘अधिक चार’ लिहिलं. माझी लाल वाटी अक्षाच्या वर अधांतरी तरंगत राहिली आणि तिच्याखाली, अक्षाला दोन ठिकाणी छेदून, एक करडी वाटी उमटली. बरोबर उत्तराची. डावीकडच्या यादीत तिचं समीकरणच नव्हतं.

मी घाबरलो नाही. फक्त जिना अनवाणी उतरलो. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला आणलं. त्याने सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं आणि तपासायला समीकरण लिहू लागला, तर त्याचं लिहून व्हायच्या आत करडी रेघ हजर. त्याने पाणी मागितलं आणि ते न पिताच गेला. अजून फोन उचलत नाही.

गॅलरीतले कपडे काढायला काकू माझ्या खोलीतून जातात. एकदा जाता जाता त्या कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी थबकल्या. “हे ह्यांचंच,” म्हणाल्या, “दुसऱ्याची चूक दिसली की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.” आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यानंतर रोज दुपारी विणकाम घेऊन येऊ लागल्या. नळ गळतो, शेजारीण अबोला धरून आहे, असं सगळं पडद्याला सांगायच्या. मी मध्ये बसून समीकरणं लिहायचो. (नवराबायकोच्या मध्ये बसून काम करून पाहा, मग माझ्या वजनाचं विचारा.) माझे आलेख मात्र इतके अचूक कधीच नव्हते.

पण हळूहळू काकूंचं बाहेर जाणं बंद झालं. जेवणही नावालाच. त्यांनी काचेवर बोट ठेवलं की करडी रेघ वाकून त्या बोटापाशी यायची. मी तेव्हा काहीच टाइप केलेलं नसायचं, मामा. खोलीत पंखा चालू असून हवा हलायची नाही. अशात त्यांच्या मुलीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते, आईने यावं म्हणत होती. काकू शांतपणे म्हणाल्या, “ह्यांना विचारून सांगते.”

त्यांनी खरंच विचारलं. बोट काचेवर होतं, रेघ बोटाला टेकलेली. “जाऊ का मी?” रेघ बराच वेळ तशीच राहिली. मग सावकाश सुटली, सरळ झाली आणि पानाच्या कडेबाहेर निघून गेली. मी पान सरकवत राहिलो. रेघ पुढे पुढेच, तिला टोक नव्हतं. काकूंनी लोकर गोळा केली. “बरं,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीकडे गेल्या. नात झाली, दोघी सुखरूप आहेत. करडी रेघ त्यानंतर उमटली नाही, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखं होतं.

मामींना नमस्कार सांगा, त्या नको म्हणाल्या तरी.

तुमचा,
भाचा

ता.क. उरलेल्या धड्यांचे आलेख तपासायला आता कुणी नाही. पाठवले तर नजर टाकाल का? एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता.क. २. वरचं राहू द्या. पाकीट चिकटवायच्या आधी कॉम्प्युटर बंद करायला गेलो, तर कोऱ्या पानावर एक रेघ उमटत होती. करडी नाही, निळी. आणि उजवीकडून डावीकडे. डाव्या हाताने तशी रेघ ओढणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय. फोन लावतोय, तुमच्याकडे कुणी उचलत नाही. पत्र मिळताच फोन करा, मामा. बाकी काही बोलू नका, नुसतं ‘गाढवा’ म्हणा.