किटलीखालचा दगड

रविवार, १२ नोव्हेंबर १९६१. स्टुटगार्ट

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्या लेकाच्या, वसंताच्या, जर्मन घरमालकानं आज कॉफीला बोलावून आपल्या सिक्कीमच्या सहलीची चित्रं पडद्यावर दाखवली. डोंगरातला मोटाररस्ता, खेडी, बुद्धाचे मठ. छानच होती. पण कॉफीची गरम किटली ठेवली होती ती कशावर? मंत्र कोरलेल्या दगडावर! मठाबाहेरच्या भिंतीतून उचलून आणला म्हणे, आठवण म्हणून.

ती लिपी मला येत नाही. पण जन्मभर पाथरवटाचं काम केलंय, एका अक्षराला टाकीचे किती घाव लागतात ते कळतं. वसंताला म्हटलं, "सांग त्याला, ही चोरी झाली." पोरगा जर्मनमध्ये काहीतरी बोलला आणि मालक खूश होऊन माझा हात दाबायला लागला!

"अहो आबा, खोली जाईल माझी," वसंता कुजबुजला. "मी सांगितलं, तुम्हाला कोरीवकाम आवडलं."

आवडलं? आणि खरंच खोली गेली असती तर? या थंडीत पोरगा कुठं गेला असता?  पण त्या दगडावरून मी किटली उचलली आणि निघेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवली. तळवे भाजलेत. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.