दहापैकी दहा

३ मार्च, रविवार

चौदा वेळा मेले. चौदा! आणि चौदाही वेळा त्याच पुलावरून पडून.

तो तिकडून हसत होता. "अगं, पळत येऊन उडी मारायची. उभ्यानं नाही." मी म्हटलं, मला जन्मात पळत उडी मारता आली नाही, आता बोटांनी कुठून येणार? तर म्हणे, "पुन्हा कर. जमेल."

नवरा दोन दिवसांच्या अंतरावर. एक दिवस रेल्वे, एक दिवस बस. तिथे समुद्राकाठी पाइपलाइन टाकतायत, हा वेल्डिंगवाल्यांचा सुपरवायझर. जाऊन सोळा महिने झाले. सुरुवातीला रोज फोन. मग दिवसाआड. मग नुसतं "जेवलीस?" "हो. तू?" "हो." — आणि पुढे दोघंही समोरच्यानं फोन ठेवायची वाट बघत. जानेवारीत परत यायचा होता. काम लांबलं म्हणाला. त्याऐवजी एक खोकं आलं. आत गेमचं यंत्र, हेडफोन आणि चिठ्ठी: "दोघांनी मिळून खेळायचा आहे. जगातला सगळ्यात सुंदर गेम म्हणतात. दर रविवारी चार वाजता."

दोन माणसं असतात. अंगात लांब झगे, हातात एकेक दिवा. सगळा मुलूख पाण्याखाली गेलेला, आणि यांनी चालत पार पलीकडच्या दीपगृहापर्यंत जायचं. बस्स. दोन महिने आम्ही चालतोय.

खरं सांगू? फक्त इथेच सांगते. मला तो गेम आवडत नाही. अजिबात नाही. डोकं ठणकतं, मळमळतं. पण रविवारी साडेतीनलाच मी हेडफोन घालून बसलेली असते.

५ मार्च, मंगळवार

लॅबमध्ये दिवसभर एका आजींची वरची कवळी. मेणात दात बसवताना हात जराही हलत नाही माझा. पाव मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. आणि त्या पुलावर!

जेवणाच्या सुट्टीत फोनवर या गेमबद्दल लोक काय लिहितात ते वाचलं. दहापैकी दहा. दहापैकी दहा. "मी शेवटाला ढसाढसा रडलो." "आयुष्य बदललं." पानंच्या पानं. मला वाटायला लागलं, खोट माझ्यातच आहे. मग खूप खाली एकानं लिहिलेलं सापडलं — "सगळ्यांना आवडलाय, मला माहीत आहे. तीनदा प्रयत्न केला. मला कंटाळा आला." एवढंच. त्याच्याखाली लोकांनी त्याची सालटी काढलेली. तुला कळत नाही, तुला मनच नाही, वगैरे. त्या माणसाला घरी चहाला बोलवावंसं वाटलं.

न राहवून मास्तरांनाही सांगितलं. मास्तर म्हणजे आमच्या लॅबचे सगळ्यात जुने कारागीर, पोर्सेलिनचे दात करतात. दाताला रंग देता देता म्हणाले, "मला समुद्र आवडत नाही. चाळीस वर्षं सांगतोय. लोक म्हणतात, होईल बरा."

मी हसले. पण मास्तरांची बायको समुद्रापलीकडून दिवा हलवत नाही ना त्यांना!

१० मार्च, रविवार

आज पूल ओलांडला! तो केवढा ओरडला. "दातवाल्या बाई, जिंकलात!" लग्नानंतर पहिली दोन वर्षं तो मला हे म्हणायचा. मग कधी बंद झालं कळलं नाही.

पुलापलीकडे तळं होतं. काठावर बसायचं बटण असतं, ते मला चुकून सापडलं. माझी बाई बसली. मी म्हटलं, "तूही बस ना जरा."

"इथे काही मिळत नाही गं. वरच्या वाटेनं चल, तिथे तेल मिळेल दिव्याला."

"दोन मिनिटं."

बसला. खरंच बसला. मग मी विचारलं, "तुमच्या तिथे आता ऊन कसं असतं?" तो म्हणाला, "असतं." आणि उठून चालायला लागला.

पण एक आहे. अवघड जागा आली की तो नाकातून बारीक आवाज काढतो. त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. घरी पंखा उघडून बसला की असाच काढायचा. तो आवाज ऐकायला मिळणार असेल तर मी वाट्टेल तिथून पडायला तयार आहे.

११ मार्च

आज उगाचच त्याच्या कपाटातले शर्ट पुन्हा घडी घातले. मोडलेले नव्हतेच.

१७ मार्च, रविवार

गंमत झाली. आज एका बुडालेल्या वाड्यात अर्धा तास अडकलो. मी भिंतींवर डोकं आपटत फिरतेय. मागून आवाज — "अगं, डावीकडे फळी आहे. मघाशीच दिसली होती."

सासूबाई! चहाचा कप हातात धरून दारात उभ्या. फळी होती. खरंच होती.

त्यांनी बत्तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलं. खाली न बघता बोटं चालतात त्यांची. मी म्हटलं, आई, घेता का हातात? तर म्हणे, "छे! माझं काय काम तुम्हा दोघांत."

दोघांत! आमच्या दोघांत काय आहे ते मला विचारा. नुसतं पाणी आहे.

२० मार्च, बुधवार

लॅबमधून लवकर सुटले. कुलूप उघडून आत येते तर सासूबाई टीव्हीसमोर, पाय वर घेऊन, जीभ दातांत धरून. दार वाजलेलंही कळलं नाही. एकट्यानं खेळायचा सरावाचा भाग खेळत होत्या. तो पूल — जिथे मी चौदा वेळा गेले — तिथून टणाटण उड्या मारत गेल्या.

मला बघून लहान मुलीसारख्या दचकल्या. "धूळ पुसत होते यंत्रावरची."

"हो का? धूळ पुसता पुसता तिसऱ्या गावाला पोचलात!"

इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "छान आहे गं. आवडलं मला." मला बरं वाटलं, आणि जरा हेवाही वाटला. जिला आवडायला हवा होता तिला सोडून बाकी सगळ्यांना आवडतो!

२४ मार्च, रविवार

सकाळी लॅबच्या साहेबांचा फोन. एका पुढाऱ्याची कवळी मोडली, उद्या सकाळी भाषण. कवळीशिवाय त्यांना 'स' म्हणता येत नाही. जावंच लागलं. वाटलं होतं तीनपर्यंत होईल. चार वाजले तरी साचा ओलाच. त्याला कळवायचं तर फोन लागेना. घरी फोन केला, सासूबाईंना म्हटलं, "चार वाजता तुम्हीच बसा. सांगा मी येते म्हणून."

"बोलायचं कसं त्यात?"

"हेडफोनला माइकची दांडी आहे ना, तिच्यावरचं बटण दाबून."

सहाला आले. यंत्र बंद. सासूबाई स्वयंपाकघरात अंधारात बसलेल्या. "झालं खेळून?" "झालं." "काय म्हणाला?" "काय म्हणणार? डावीकडे जा, उजवीकडे जा."

चेहरा वेगळाच.

२६ मार्च

दोन दिवस त्यांनी यंत्राला हात लावलेला नाही. माझ्याशी नीट बोलत नाहीत. भाजी निवडताना विचारलं, तब्येत बरी नाही का? "बरी आहे." मूग गिळून बसल्यात.

२७ मार्च, बुधवार

सांगितलं. आज सांगितलं एकदाचं. मी कामावर निघाले होते, चप्पल घातलेली. म्हणाल्या, "बस."

त्यांना ते बटण सापडलंच नाही. त्या बोलत होत्या, त्याला ऐकू जात नव्हतं. त्याला वाटलं मीच आहे, आणि रागावून गप्प आहे. अर्धा तास दोघं नुसते चालले. त्या इतकं छान खेळल्या की तो म्हणाला, "आज तुला जमतंय की!" मग म्हणाला, "तू गप्प आहेस तेच बरंय. एक सांगायचं होतं. तू बोलत असलीस की मला सांगता येत नाही."

काम लांबलेलं नाही. जानेवारीतच संपलं. सगळे घरी गेले. यानं स्वतः अर्ज करून पुढच्या टप्प्यावर नाव घातलं. वर्षभरासाठी.

"का?" मी विचारलं.

सासूबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "म्हणाला, घरी येऊन तुझ्यासमोर बसायची भीती वाटते. फोनवर बोलायला काही सुचत नाही, समोर आलो तर काय बोलू? निदान या गेममध्ये काय करायचं ते माहीत असतं, म्हणाला."

मग त्या रडायला लागल्या. मला वाटलं माझ्यासाठी. तर म्हणाल्या, "मी का बसले होते ठाऊक आहे? तुझ्याशी दोन तास बोलतो. माझ्याशी दोन मिनिटं. म्हटलं, एक दिवस तुझ्या जागी बसून ऐकावं. मला काय ठाऊक, तिथे हे ऐकायला मिळणार आहे!"

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एक चप्पल पायात, एक हातात. कामाला तासभर उशीर.

२९ मार्च

राग येतो. मग तो भित्रा माणूस एकटा खोलीत बसून हे बोलायची तालीम करत असेल असं डोळ्यांसमोर येतं. मग राग जातो. मग राग गेला म्हणून स्वतःचाच राग येतो. आज एका पेशंटचा सुळा उलटा लावला. मास्तरांनी न बोलता काढून सरळ केला.

३१ मार्च, रविवार

चार वाजता बसले. तो आला. दिवा हलवला, आम्ही भेटलो की हलवतो तसा.

मी म्हटलं, "गेल्या रविवारी मी नव्हते. आई होत्या."

त्याचा माणूस तिथेच उभा. झगा वाऱ्यावर हलतोय. तो गेम त्यासाठीही नावाजलेला आहे — झगे फार छान हलतात.

"सगळं ऐकलं त्यांनी. मला सांगितलं."

मी बटण दाबूनच धरलं.

"आणि आता माझंही ऐक. मला हा गेम आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. जगाला आवडू दे. मला त्यात फक्त पाणी दिसतं. मला गरगरतं."

तेव्हा बोलला. "मग तीन महिने का खेळलीस?"

"तू नाकातून आवाज काढतोस म्हणून."

"कसला आवाज?"

काय सांगणार? करून दाखवला. वेड्यासारखा, हेडफोनच्या दांडीत, नाकातून. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, जवळ, अगदी कानात. मग पडद्यावर अक्षरं आली — तुमचा जोडीदार निघून गेला आहे.

झगा हलत होता. माझा एकटीचाच.

१ एप्रिल

फोन उचलत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

एक निरोप: "कामात आहे." तीन दिवसांनी दोन शब्द. म्हणजे जिवंत आहे.

बोलायला नको होतं का? निदान रविवार तरी होता. आता काय आहे? तो आवडत नसलेला गेमसुद्धा आता हवाहवासा वाटतोय — म्हणजे गेम नाही. ते साडेतीनला बसणं. चारची वाट बघणं.

७ एप्रिल, रविवार

चार वाजले. सासूबाई आणि मी, दोघी शेजारी बसलो. हेडफोनचा एक कान त्यांना, एक मला. पाच वाजले. तो आला नाही.

सासूबाईंनी यंत्र बंद केलं. म्हणाल्या, "त्याच्या बापाचंही असंच होतं. आतून कढायचे, तोंड उघडायचे नाहीत. मी वाट बघत बसले, कधीतरी बोलतील म्हणून. बसूनच राहिले." हेडफोन गुंडाळून ठेवला. "तू माझ्यासारखं करू नकोस."

आणि पोळ्या लाटायला उठल्या.

१३ एप्रिल, शनिवार

त्याची खोली. लोखंडी कॉट, एक खुर्ची, भिंतीला टीव्ही. साहेबांकडून महिन्याची रजा काढली, माझे अर्धवट साचे मास्तरांनी घेतले, सासूबाईंनी डबा बांधून दिला, आणि त्याला अवाक्षर न कळवता दोन दिवस प्रवास करून काल संध्याकाळी त्याच्या दारात येऊन उभी राहिले. कामावरून आला. हातात हेल्मेट, दाढी वाढलेली, कानांवरचे केस पांढरे झालेले — हे फोनवर कुठे कळतं! "तू?" म्हणाला. हेल्मेट या हातातून त्या हातात. मला वाटलं, झालं, आले तशी परत. मग म्हणाला, "इथे नळाला पाणी खारट येतं." आणि जो बोलत सुटला! पाणी, मुकादम, पायाला झालेली जखम, जानेवारीतला तो अर्ज, बाप गेला त्या दिवशी तो रडला नव्हता ते — सगळं, एकात एक. अजून थांबलेला नाही. आता आंघोळीला गेलाय म्हणून या चार ओळी लिहितेय, तर आतूनही बोलतोच आहे! पाण्याच्या आवाजात अर्धं कळत नाही. नुसतं हो हो म्हणतेय. जाते दाराशी.