बाटली सुटी होते

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.२०

मॉप आला. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, 'वाकायची गरज नाही.' याच वाक्यासाठी मागवला.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज सोळा दिवस झाले. वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. सगळे नुसते हळहळले. उपाय शोधला तो मी. दांड्याला वर खटका आहे. खटका दाबला की खालून फवारा, मागून कापडी पट्टा फिरवला की फरशी लख्ख. शिवाय बाटली सुटी होते. दांड्यातून काढून हातात घेतली की आरसा, टीव्ही, ओटा, काय वाटेल ते पुसा. ही घरी आली की उभ्या उभ्या सगळं घर पुसेल. एकतीस वर्षं बिचारीने वाकून पुसलं. आता पुरे.

बाटलीवर काळ्या मार्करने 'सौ.' असं लिहून टाकलं. सरप्राइज.

मी फर्निचरच्या शोरूममध्ये सव्वीस वर्षं फ्लोअर मॅनेजर होतो. फ्लोअरबद्दल मला कोणी शिकवू नये.

संध्याकाळी ६.००

सरप्राइज पोटात राहिलं नाही. फोनवर सांगून टाकलं. ही 'बरं' म्हणाली. गहिवरली असणार.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मेव्हणीचं तळमजल्यावर. म्हणून तात्पुरती हॉस्पिटलमधून तिकडे गेलीय. सहा आठवडे भरले की, म्हणजे १ मार्चला, घरी. नक्की ना, असं विचारलं तर म्हणाली, बघते. शोरूममध्ये गिऱ्हाईक 'बघते' म्हणालं की ते गेलं असं समजायचं. पण बायकोचं वेगळं असतं. हिचं 'बघते' म्हणजे होच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. बाबा, ऑपरेशन झालेल्या माणसाला फरशी पुसायचा दांडा कोण भेट देतं, असं विचारत होती. मी शांतपणे समजावलं की नुसता दांडा नाही, बाटली सुटी होते. फोन कट झाला. तिच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

संकल्प: ही येईपर्यंत रोज सकाळी सात ते साडेसात मॉपची प्रॅक्टिस. वस्तू ताब्यात देताना आपल्याला डेमो देता आला पाहिजे. शोरूमची शिस्त अंगात मुरलीय, काय करणार.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.१५

सातला सुरू करणार होतो. उठलोच पावणेनऊला. पहिला दिवस.

माहितीपत्रकात बाटलीभर पाण्याला एक झाकण लिक्विड असं म्हटलंय. मी अर्धी बाटली लिक्विड घातलं. घरच्या वस्तूला कंजुषी कशाला? हॉलमध्ये फेस झाला. तो पुसायला पाणी, पाणी पुसायला पट्टा, पट्टा पिळायला मोरी. हॉल, पॅसेज, मोरी, परत हॉल. नऊ खेपा.

एक गोष्ट लक्षात आली. पट्टा धुवायला काढायचा तर वाकावं लागतं. परत लावायलाही वाकावं लागतं. हे खोक्यावर लिहिलेलं नाही.

दमलो. आज स्वयंपाकघर राहू दे. तिथे तसंही कोणी येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

फरशी चिकट झालीय. चप्पल उचलताना चट्‌ चट्‌ आवाज येतो. नीट विचार केला तर हे चांगलंच आहे. पाय घसरणार नाही. हिला फोनवर सांगितलं की तुझ्या गुडघ्याचा विचार करून फरशीला खास ग्रिप आणलीय.

बरं, म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तिकडे भेटायला जायचं ठरलं होतं. पण सकाळी बाटली सुटी करून टीव्हीवर फवारली. खालच्या बाजूला आता एक हिरवी पट्टी कायमची दिसते. बातम्या खालून सरकतात त्या पट्टीत जातात. तिच्यापायी तीन तास गेले आणि नंतर बाटली कुठे ठेवली तेच सापडेना. बाटलीशिवाय मॉप म्हणजे नुसती काठी. खटका दाबला की टक्‌ टक्‌ वाजतं, बाकी काही नाही.

बाटली फ्रिजच्या दारात सापडली. दुपारचे चार वाजले होते. मग जाण्यात अर्थ नव्हता. पुढच्या रविवारी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायाम घेणाऱ्या फिजिओ बाईंचा फोन. १ मार्चनंतर आमच्याकडे येणार आहेत, म्हणून घरातली माहिती हवी होती. खुर्चीची उंची सांगितली. बाथरूममध्ये धरायला कडी बसवू म्हटलं. मग त्यांनी विचारलं, गुडघा कोणता?

डावा, असं ठामपणे सांगितलं. काउंटरवर उभं राहून अडखळलं की गिऱ्हाईक हातचं जातं.

फोन ठेवल्यावर जरा विचार केला. डावाच असावा. सोफ्यावर ही नेहमी डाव्या बाजूला बसते. आणि समजा नसला, तरी दोन्ही गुडघे शेजारीशेजारीच असतात. खुर्ची डाव्या हाताला येईल अशी लावून ठेवली. तयारी म्हणतात ती ही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मन उदास आहे. मला या घरात कोणी पुसत नाही. हिचा फोन येतो तो नुसत्या चौकशांचा. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, गॅस बंद केला का, झोप लागली का, मनीप्लांटला पाणी घातलं का. पण तुम्ही दमला असाल हो, असं एकदाही नाही. चार खोल्या एकटा पुसतोय. (दोन. उरलेल्या दोन अजून घ्यायच्या आहेत.) माणूस कामाला लागला की त्याला कोणी पुसत नाही हेच खरं.

मनीप्लांटचं मात्र साफ विसरलो होतो. हिने माहेरहून एक फांदी आणली होती, त्याला एकोणीस वर्षं झाली. आता खिडकीवरून फिरून पार कपाटापर्यंत गेलाय. हिची आई गेली, ते घर विकलं गेलं, तिकडचं म्हणावं असं एवढंच राहिलंय. म्हणून विषय नाजूक. लगेच बाटली सुटी केली आणि पानापानावर मस्त फवारा मारला. मुळाशीही भरपूर. एका वस्तूत दोन उपयोग म्हणत होतो, तिसरा मीच शोधला.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिकडे गेलो नाही. शिंका येत होत्या. पेशंटच्या घरी इन्फेक्शन नको.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मनीप्लांटची पानं पिवळी पडतायत. ऋतू बदलतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऋतू नाही. बाटलीला लिंबाचा वास येत होता. त्यात अजून अर्धं लिक्विडच होतं.

ठीक आहे. झाडांवर कीडही पडते. पडली असेल तर गेली असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिने मनीप्लांटचं विचारलं. चमकतोय, असं सांगितलं. खोटं नाही. लिक्विडने चमक येतेच.

आज चार पायऱ्या चढले, असं सांगत होती. मी म्हटलं, वा! आणि लगेच नव्या पट्ट्याचं सांगितलं. जुना फाटला, नवा जाड आहे, पाणी दुप्पट पितो. ही पुढे काही तरी बोलत होती, तिसऱ्या पायरीबद्दल, पण मला पट्ट्याचं पूर्ण सांगायचं होतं.

बरं, म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

आज जाणारच होतो. कंबर धरली. पट्टा काढायला वाकलो तो तसाच राहिलो. शेवटी फरशीवरच आडवा झालो. पाऊण तास. कोणी पुसायला नाही.

खालून घर वेगळंच दिसतं. मोरीच्या कडेला, सिंकच्या खाली, हिचं फरशी पुसायचं फडकं दिसलं. चार घड्या घातलेलं, वाळलेलं, पाइपवर नीट टाकलेलं. जानेवारीपासून तसंच असणार. निळ्या चौकड्यांचं. ओळखीचं वाटलं. माझा शर्ट तो. अकरा वर्षांपूर्वी तो हरवला म्हणून मी लाँड्रीवाल्याशी भांडून त्याच्याकडे कपडे टाकणं बंद केलं होतं. तेव्हा हिने सांगितलंही असेल की कॉलर विरली म्हणून फाडला. मी भांडायच्या गडबडीत असणार.

हॉस्पिटलला जायच्या दिवशीही ही पहाटे उठून फरशी पुसूनच निघाली. सहा आठवडे धूळ खाईल म्हणाली होती. मी बॅगा धरून दारात उभा होतो. पाय पुसून या, असंही म्हणाली होती बहुतेक.

हे सगळं आडवं पडल्यामुळे सुचतंय. उठलो की बरं वाटेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हणीचा फोन. भाऊजी, ताईला एप्रिलपर्यंत इथेच राहू दे का, असं चाचरत विचारत होती. मी हसलो. म्हटलं, ती राहणारच नाही, स्वतः मला 'बघते' म्हणालीय. मेव्हणी म्हणाली, हो का, मग बघा.

संकल्प: १ मार्चला घर असं करायचं की पाहणाऱ्याने पाहत राहावं. उद्यापासून उरलेल्या दोन खोल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्यापासून म्हटलं ते परवाच्या हिशोबाने काल झालं. काल कंबर होती. आज एक खोली घेतली. दुसरीचं दार लावून ठेवलं.

मनीप्लांटची चार पानं हिरवी आहेत. बाकीची काढून टाकली. आटोपशीर दिसतो.

१ मार्च, शनिवार. सकाळी ११.००

सहा आठवडे भरले. पावणेसातला उठलो. खरंच उठलो. हॉल दोनदा पुसला. मॉप दारात उभा करून ठेवला, बाटलीवरचं 'सौ.' समोर येईल असा.

साडेदहाला हिचा फोन. आज येत नाही म्हणाली. का ते नीट सांगितलं नाही. मी नीट विचारलंही नाही, कारण मला एकदम कल्पना सुचली. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर माल घरी न्यावा. मीच मॉप घेऊन जातो. एकदा डेमो पाहिला की निघेल माझ्याबरोबर.

२ मार्च, रविवार. दुपारी ४.००

काल लिहवलं नाही.

मॉप घेऊन बसने गेलो. दांडा दोघांना लागला, एकाची माफी मागितली. दार हिनेच उघडलं. हातात काठी होती. वजन कमी झालंय. केस मागे घट्ट बांधले होते, तसे ही घरी बांधत नाही.

साडू हॉलमध्ये ओणवा होऊन फडक्याने फरशी पुसत होता. या माणसाला मी आयुष्यभर मुखदुर्बळ म्हणत आलो. मान वर न करता हिला म्हणाला, ताई, तिकडे अजून ओलं आहे, जरा थांबा, आज ठणकतोय का? ही म्हणाली, सकाळी ठणकत होता, आता बरा आहे. त्यांचं रोजचं चाललेलं असावं तसं.

मी डेमो दिला. खटका, फवारा, पट्टा. बाटली सुटी करून दाखवली. सव्वीस वर्षांत इतका वाईट डेमो दिला नसेल. मेव्हणी आत निघून गेली. साडू फडकं पिळत राहिला. मग मी हिच्यासाठी खुर्ची ओढली, डाव्या बाजूने. हिने काठी हातात बदलली, वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने सावकाश बसली. पट्टी उजव्या गुडघ्याला होती.

मला वाटलं डावा, असं तोंडातून निघून गेलं.

ही हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सहा आठवड्यांत तुम्ही फरशी पुसलीत, टीव्ही पुसलात, आरसा पुसलात. रोज फोनवर ऐकतेय. मला एकदा तरी पुसलंत का?

मग मनीप्लांटचंही सांगून टाकलं. हिने विचारलं, किती पानं राहिलीत? चार, म्हटलं. त्या चार पानांची फांदी कापून साध्या पाण्यात ठेवा, म्हणाली. साध्या, असं दोनदा म्हणाली.

बसमध्ये जागा मिळाली. मॉप दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसलो.

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.३०

फांदी ग्लासात ठेवलीय. ग्लास आधी तीनदा धुतला.

बाटलीवरचं 'सौ.' काढायला बसलो. लिक्विडने, साबणाने, नखाने. मार्कर परमनंट निघाला. पुसलं जात नाही.

मग शर्टाचं फडकं घेतलं आणि वाकून हॉल पुसला. चारही खोल्या पुसल्या, दार लावलेलीसुद्धा. सव्वा तास लागला. मध्ये दोनदा भिंतीला टेकून बसलो. ही हे काम भाजी शिजेपर्यंत करायची.

दहाला फोन केला. पहिलं वाक्य, गुडघा कसा आहे? बरा, म्हणाली. मग पुन्हा विचारलं, उजवा. तेव्हा बोलायला लागली. एकोणीस मिनिटं बोलली. तिसऱ्या पायरीवर कळ येते. कुशीवर झोपता येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भीती वाटली होती, तेव्हा मी बॅगेच्या चेनबद्दल बोलत होतो. मी मध्ये बोललो नाही. दोनदा बोलणार होतो, पण नाही बोललो.

शेवटी विचारलं, कधी येशील?

बघते, म्हणाली.

सव्वीस वर्षं फ्लोअरवर उभा होतो. 'बघते' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येताना फार थोड्या वेळा पाहिलंय. तरी फरशी अजून ओली आहे, म्हणून पंखा लावून ठेवलाय.