एकच माइक घे

१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशीर का झाला, तर कामाची गडबड होती, असं लिहिणार होतो. पण कसली गडबड? या महिन्यात दोनच रेकॉर्डिंग झाली आणि त्यातलं एक फरशी पुसायच्या साबणाच्या जाहिरातीचं. आई बरी आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा जास्त बाबा कुरकुरतात. बहीण म्हणून तू एकदा दटाव त्यांना, माझं कोण ऐकतंय!

तू विचारलंस, घरच्या खोलीत व्हायलिन रेकॉर्ड करायला स्वस्तातला चांगला माइक कुठला. सांगतो.

गाणाऱ्यांच्या तोंडासमोर असतो तो जाडजूड माइक नको. वाद्याला बारका कंडेन्सर माइक घ्यावा. आमच्यात त्याला पेन्सिल माइक म्हणतात. अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांब. आतला पडदा लहान असतो, त्यामुळे गज तारेवर टेकतो तो पहिला क्षणही स्वच्छ पकडतो. आवाज त्याच्या टोकातून आत जातो, बाजूने नाही, म्हणून टोक वाद्याकडे ठेवायचं. हसू नकोस. माझ्या ओळखीच्या एका मास्तरांनी महिनाभर तो मेणबत्तीसारखा उभा ठेवला आणि मग माइक बहिरा निघाला म्हणून दुकानात जाऊन भांडले.

स्वस्त माइकला स्वतःचा थोडा ‘सूं’ असतो. दुकानात हेडफोन लावून, सगळ्यांना गप्प करून ऐक. ज्याचा सूं कमी, तो आपला. नावावर जाऊ नकोस, डब्यावरच्या सोनेरी अक्षरांवर तर मुळीच नको. माइक लावायचा तो वाजवणाऱ्याच्या डोक्यापेक्षा थोडा वर, दीडेक हात लांब, टोक खाली वाद्याच्या पोटाकडे. पंखा बंद, फ्रिज बंद. माइकला वीज पुरवणारी छोटी पेटी माझ्याकडे जास्तीची आहे, ती देतो.

आणि आत्या, जोडी घेऊ नकोस. दुकानदार म्हणेल, जोडी घ्या, एकसारखे जुळवलेले आहेत, आवाज दोन्ही कानांत पसरेल. खरं आहे त्याचं. तरी तू एकच घे.

का, ते सांगायला हे पत्र आहे. वरचं सगळं मी फोनवर दोन मिनिटांत सांगू शकलो असतो.

तू लिहिलंस, ‘माझा हात तर गेला, निदान माझ्या बावीस चाली मी शिकवलेल्या नर्सबाईंच्या हातून तरी राहू देत.’ वाक्य वाचून पत्र घडी करून ठेवलं. नंतर रोज काढून वाचलं. रागाने लिहिलेलं असतं तर बरं वाटलं असतं मला. तू सहज लिहिलंस, डोळ्याचा नंबर वाढला म्हणून सांगावं तसं.

तुझा हात गेला हे तुला कोणी सांगितलं? मीच.

जानेवारीत तू माझ्या खोलीत येऊन बसलीस. निळा स्वेटर, पायाशी गरम पाण्याची पिशवी. मी नवीन आणलेल्या पेन्सिल माइकांची जोडी लावली, कौतुकाने. तू बावीसच्या बावीस चाली दोन दिवसांत वाजवल्यास. माझा एक स्पीकर दुरुस्तीला गेला होता म्हणून दोन्ही माइकांचा आवाज एकत्र करून उरलेल्या एका स्पीकरवर लावला. व्हायलिन कसं आलं? पातळ. पोकळ. वाद्याला पोटच नाही असं. तू माझ्याकडे बघितलंस. मी दोन बटणं उगाच फिरवली आणि म्हणालो, ‘आत्या, वय झालं गं. गजाला जोर राहिला नाही.’

काय शहाणपणाने म्हणालो! तू पुन्हा एकदा ऐकलंस आणि म्हणालीस, ‘हो रे. मलाही ऐकू येतंय.’ तुझ्या कानांनी माझ्या यंत्रावर विश्वास ठेवला. व्हायलिन पुसून पेटीत ठेवलंस आणि जाताना मलाच म्हणालीस, ‘खरं बोललास ते बरं केलंस.’

फेब्रुवारीत एक गिटारवाला आला. तीच जोडी, त्याच वायरी, तोच एक स्पीकर. गिटारही पातळ आली, तशीच पोकळ. तेव्हा मी त्याला ‘वय झालं’ म्हणालो नाही. तो पंचवीसचा आहे. म्हणालो, ‘थांब, काहीतरी घोळ आहे,’ आणि लगेच वायर उघडली. पाच मिनिटं लागली. एका वायरीच्या तोंडाशी लाल आणि पांढरी तार अदलाबदल करून जोडलेली होती. त्यामुळे एक माइक दुसऱ्याच्या बरोब्बर उलटा चालत होता. दोन्ही आवाज एकत्र केले की एकमेकांना खाऊन टाकत होते, आणि जे खाल्लं जात होतं ते नेमकं वाद्याचं पोट. ती वायर मी माझ्या हाताने जोडलेली होती. वर पिवळी टेपही माझीच. शिकाऊ माणसानेही आवाज ऐकून हा घोळ ओळखला असता.

माइक बिचारे चांगले होते. तुला घ्यायला सांगतोय तो याच जातीचा.

गिटार बिघडली तेव्हा मला वायरीचा संशय आला. तू बिघडलीस तेव्हा तुझा आला. ज्या आत्याने मला सहाव्या वर्षी मांडीवर बसवून ‘कुठली तार उतरली, सांग’ विचारत कान घडवला, तिचाच! यापुढे काय लिहू?

पण लिहावं लागेल, कारण सगळ्यात वाईट पुढेच आहे. आत्तापर्यंतचं चूक म्हणून खपेल. मार्चमध्ये तू मला बोलावलंस. म्हणालीस, ‘व्हायलिन पडून राहिलं तर मरतं, नर्सबाईंना देऊन टाकते, तू पोचव.’ नर्सबाई तुझ्याकडे चार वर्षं शिकतात, ड्युटी संपवून पांढऱ्या बुटांतच येतात, त्यांचं स्वतःचं वाद्य नाही, सगळं मला माहीत होतं. आणि मला वायरीचंही माहीत होतं. पंधरा दिवस झाले होते कळून. तुझ्या दारात उभा राहून मी सांगणारच होतो. तू पेटी माझ्या हातात दिलीस, मूठ धरून क्षणभर सोडली नाहीस, मग सोडलीस. मी म्हणालो, ‘काळजी करू नकोस, जपून नेतो.’

जपून नेली. स्कूटरवर, पायांच्या मध्ये धरून. खड्डे चुकवत.

का बोललो नाही? लाज वाटली. सगळे म्हणतात, याचा कान पक्का. तू तर शेजारीपाजारी सांगत फिरतेस. एकदा गप्प बसलो, मग दुसऱ्यांदा गप्प बसणं सोपं गेलं, मग सवयच झाली. तुझा फोन आला की आधी बाबांना द्यायचो.

आता ऐक. जानेवारीचं सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. एका बाजूचा आवाज उलटा करायला एक बटण दाबावं लागतं. एक! परवा, तुझ्या पत्रानंतर तीन आठवड्यांनी, ते दाबलं. आत्या, तुझा हात कुठेही गेलेला नाही. पहिलीच चाल सुरू झाली आणि खोली भरली. सातव्या चालीत तू खालच्या तारेवर थांबतेस तिथे मला रडू कोसळलं. मी बावीस वेळा ऐकलं, बावीस वेळा स्वतःला शिव्या घातल्या.

काल नर्सबाईंकडे गेलो. त्या इस्त्री करत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘आठ महिने त्यांनी वाजवलं नाही. तुम्हाला कळल्यावरही सात.’ मी म्हणालो, ‘पेटी द्या, मी परत पोचवतो.’ म्हणाल्या, ‘तुमच्या हातात नाही देणार.’ रविवारी दुपारी त्या स्वतः घेऊन येतील. तारा नव्या घातल्या आहेत त्यांनी.

त्यांना दार उघड. मला उघडू नकोस हवं तर, मी खाली स्कूटरपाशी थांबेन. आणि माइक एकच घे, म्हणजे माझ्यासारख्या कोणाला त्यात घोळ घालता येणार नाही.

या पाकिटात रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह आहे आणि ती वायरही, पिवळ्या टेपसकट. तोंड उघडून बघ. लाल तार, पांढरी तार. मी नुसता सांगतोय म्हणून या वेळी विश्वास ठेवू नकोस.

लहानपणी तू मला टवकारू म्हणायचीस, कुठे काही वाजलं की कान टवकारायचो म्हणून. आजवर प्रत्येक पत्राखाली तीच सही केली. आज ती जागा मोकळी सोडतोय. द्यावंसं वाटलं तर ते नाव तूच पुन्हा दे.

तुझा भाचा