पाचशे शहात्तर अक्षरं

॥ श्री ॥

धार, ५ फेब्रुवारी २००१

तीर्थस्वरूप भैयासाहेबांस, धाकट्या सरलेचा सा. न. वि. वि.

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही रागावता. कॅनडाहून विहंगचा ई-मेल आला आहे. कंपनी पाच वर्षांचा करार मागते. तू ये म्हणालीस तर येईन, नाहीतर महिनाअखेरीस सही करीन, असं लिहितो.

हे गेल्यापासून घर खायला उठतं, भैयासाहेब. मला माझा मुलगा इथे हवा आहे. फोनवर नुसतं रडू येतं, म्हणून सगळं टाइप करून काढलं, चांगली चार पानं. पण इंटरनेटसाठी इंदूरचा नंबर लागतो, पत्र अर्ध्यावर जातं आणि अडकतं. लाइनमन आला, लाइन पुरानी है म्हणाला आणि हात झटकून गेला. तुम्ही कारखान्यात कंप्यूटर सांभाळता, काही उपाय सांगा.

लाइन तुटते तेवढं पुरे, लोभ तुटू देऊ नये.

सरला


देवास, ९ फेब्रुवारी

चि. सरलेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीने डोळे पुसले. मी मराठीत इंग्रजी कालवतो म्हणून तू माझी पत्रं तांबड्या शाईने सुधारून परत पाठवतेस, तेव्हा या खेपेस शुद्ध मराठीत सांगतो. दोष पाकिटाच्या आकारात आहे. खराब तारेवर मोठं पाकीट अडकतं, लहान निसटतं. पंधराशे अक्षरांऐवजी पाचशे शहात्तरांचं पाकीट ठेव. आमच्याकडेही याच उपायाने काम झालं.

आणि पोराला ये म्हणून ठणकावून सांग. मामाचा लोभ त्यालाही कळव.

भैया


धार, १७ फेब्रुवारी

ती. भैयासाहेबांस सा. न.

पत्र गेलं! पण चार पानांची पाचशे शहात्तर अक्षरं करताना जीव मेटाकुटीला आला. जन्मभर मुलींना सारांशलेखन शिकवलं, ते असं अंगाशी आलं. आधी माझं रडगाणं काढलं, मग ह्यांच्या आठवणी, मग आर्जवाचा अख्खा परिच्छेद. ये हा शब्द त्यातच होता, तोही गेला. उरलं ते एवढंच, की तब्येत ठीक, घर ठीक, माझी काळजी करू नकोस, सुखी राहा. पोटचं पोर आहे, न लिहिलेलंही त्याला कळेल.

वहिनींना नमस्कार. लोभ मात्र सारांशात नको.

सरला


देवास, २१ फेब्रुवारी

सरले,

अगं, काय केलंस हे! पाकीट म्हणजे पत्र नव्हे. कंप्यूटर आपणहून पत्राचे तुकडे करतो आणि ते तिकडे पुन्हा जोडले जातात. त्या तुकड्यांचा आकार मी सांगत होतो. तो कंप्यूटरमध्ये एकदाच बसवायचा असतो, मग पत्र हवं तेवढं लांब लिही. सरळ पॅकेट साइज लिहिलं असतं तर तू चार लोकांना विचारलं असतंस. आग लागो माझ्या शुद्ध मराठीला.

सकाळपासून फोन लावतो आहे, तुझी लाइन बंद. हे मिळताच कुठूनही त्याला फोन कर, रडत का होईना, पण ये म्हण.

भैया


धार, २६ फेब्रुवारी

ती. भैयासाहेबांस सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राच्या आदल्याच दिवशी त्याचं उत्तर आलं. आई हट्ट करील असं त्याला वाटत होतं. चार ओळी वाचल्या आणि आता तिला आपली तितकी गरज उरली नाही, असं तो समजला. त्याच दिवशी सही केली.

त्याला खरं कळवू नका. करार मोडता येत नाही, तिथे नुसता झुरेल. तुम्ही सांगितलेला आकडा बसवून घेतला आहे. आता पानंच्या पानं जातील, पण मी सगळं ठीक आहे एवढंच लिहिते. स्वतःला बोल लावू नका. या पत्रावर मात्र तांबडी शाई चालवायला तुम्हाला मुभा आहे.

लोभ आहे तसाच असू द्यावा.

सरला

ता. क. इंग्रजी टंकात ये म्हणजे दोनच अक्षरं. मावली असती, भैयासाहेब.